गाडीचा उंबरा

जॅक वर गेला, गाडी नाही.

चेलाडी फाट्यावरून आत वळलो, नसरापूर मागं टाकलं आणि वेल्ह्याच्या रस्त्यावर मागचं डावं चाक बसलं. पंक्चर म्हणजे काही संकट नव्हे. अण्णांच्या फियाटच्या डिकीत स्टेपनी असते, जॅक असतो, आणि निवृत्तीपासून माझ्याकडे वेळही भरपूर असतो. दाराखाली जॅक लावून मी हँडल फिरवू लागलो. सात-आठ वेढे झाले असतील, भाजलेला पापड दुमडावा तसा आवाज आला. वाकून पाहिलं तर जॅकचं डोकं गाडीच्या पोटात शिरलेलं, आणि रस्त्यावर तांबडा भुगा, नाचणीचं पीठ सांडल्यासारखा.

आपल्याकडे चाक काढून बसलेल्या माणसाभोवती पाच मिनिटांत सल्लागार मंडळ जमतं. तोरण्याला निघालेली दोन पोरं मोटारसायकल थांबवून उभी राहिली. एकानं गुगलवर काहीतरी शोधायला घेतलं. तेवढ्यात वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन एक म्हातारबाबा आले. भारा न उतरवताच त्यांनी गाडीकडे नजर टाकली.

"डॉक्टरांची गाडी न्हवं ही?"

"हो."

"अन् तुमी?"

"त्यांचा मुलगा."

"मग डॉक्टर, हिचा उंबरा गेलाय. चाक बदलून काय हुतंय?"

एवढं बोलून ते चालू पडले. मी डॉक्टर नाही. आयुष्यभर बँकेत बसून लोकांच्या सह्या जुळतात का ते पाहिलं. पण गुंजण मावळात डॉक्टरांचा मुलगा डॉक्टरच असतो, त्याला इलाज नाही. मला त्या गैरसमजाचं काही वाटलं नाही. मनात अडकला तो 'उंबरा'.

गॅरेजवाले त्या भागाला सिल म्हणतात, साइड सिल म्हणतात. दार उघडलं की पाय ठेवण्याआधी जी लांबट पोकळ पट्टी ओलांडावी लागते, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी, ती. इंग्रजीतही हा शब्द घराच्या दाराखालच्या लाकडावरूनच गाडीत आला. म्हणजे ज्या शब्दासाठी आम्ही शहरातले लोक साहेबाच्या दारात उभे राहतो, तो म्हातारबाबांच्या डोक्यात वैरणीच्या भाऱ्याखाली आयता होता.

उंबरा ही काही साधी वस्तू नाही. आमच्याकडे गाव मोजायचं तर माणसांत मोजत नाहीत, उंबऱ्यांत मोजतात. चाळीस उंबऱ्यांची वाडी, दोनशे उंबऱ्यांचं गाव. नवी सून उंबऱ्यावरचं माप लवंडून आत येते आणि घरातला माणूस शेवटचा निघतो तोही उंबरा ओलांडूनच. आई अजूनही रोज सकाळी घराच्या उंबऱ्यावर हळदकुंकू वाहते. त्यावर बसलेलं तिला चालत नाही, आणि त्यावर पाय देऊन उभा राहिलेला माणूस तिच्या मते एकतर परका असतो किंवा वाया गेलेला. त्याच आईच्या दारात उभ्या असलेल्या गाडीच्या उंबऱ्यावर मात्र आख्ख्या पंचक्रोशीनं पाय दिले. भातलावणीच्या चिखलासकट दिले.

अण्णांनी ही गाडी घेतली १९७८ साली. तिचं कागदावरचं नाव प्रीमियर पद्मिनी, पण आमच्या घरात तिला कुणी पद्मिनी म्हटल्याचं मला आठवत नाही. ती फियाटच. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याचा कारखाना उभा केला, आणि १९५४पासून तिथून फियाट ११०० बाहेर पडू लागली. मग १९६४ची डिलाइट, मग थोडे दिवस प्रीमियर प्रेसिडेंट, आणि १९७४पासून मेवाडच्या राणीचं नाव. कंपनीनं बारशी कितीही घातली तरी लोक जुन्या नावाला सोडत नाहीत. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड तालुका झालंय, आणि राजगडाच्या नावाला कोण नको म्हणेल? पण एसटीत बसलेली बाई कंडक्टरला म्हणते, "एक वेल्हं द्या."

त्या काळात डॉक्टरकडे फियाट असणं म्हणजे गळ्यात स्टेथोस्कोप असण्याइतकंच साहजिक मानलं जाई. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीस घोड्यांची ताकद, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. त्यामुळे पुढची सीट सलग, तिथं तिघं बसत. अण्णांच्या गाडीत चौघं बसत आणि मागं एक बाळंतीण आडवी. विंझर, मार्गासनी, कधी भोर, कधी पार पासलीकडे, जिथवर रस्ता असेल तिथवर गाडी आणि पुढं अण्णा पायी. उंबरे झिजवणं हा वाक्प्रचार लोक कचेऱ्यांच्या संदर्भात वापरतात. इथं कचेरीच फिरती होती आणि लोक तिचा उंबरा झिजवत होते. लावणीतून थेट आलेली माणसं, इरलं डोक्यावर तसंच, घोट्यापर्यंत चिखल. दार उघडायचं, पट्टीवर पाय घासायचे आणि आत बसायचं. अण्णा काही बोलत नसत. रविवारी बादलीभर पाण्यानं गाडी धुतली जाई, मग मेणाचं पॉलिश, मग पिवळ्या फडक्यानं घासणं. बाहेरून ती अशी चकाके की आरशाची गरज नसे.

आतून काय चाललंय ते कोणी पाहिलं नाही. पोकळ पट्टीच्या आत पाहायचं तरी कसं?

पावसाची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण इथला पाऊस हा या गोष्टीतला खरा मिस्त्री आहे. नसरापूरच्या बाजूला भुरभुर असते तेव्हा हिरडस मावळात, हिर्डोशीकडे, समोरचा माणूस दिसत नाही. एकाच तालुक्यात पूर्वेकडून पश्चिमेकडे तीसेक किलोमीटर गेलं की छत्रीचं इरलं होतं. पूर्वी इकडे पावसाळ्याआधी घरं शाकारायची पद्धत होती. मे महिन्यात जुनं गवत उतरवायचं, नवं चढवायचं, कुजलेला वासा दिसला तर तेवढा बदलायचा. घर दर वर्षी थोडं नवं होई आणि कोणालाही त्यात विशेष वाटत नसे. फियाट मात्र आम्ही कधी शाकारली नाही. लोखंडाची आहे, तिला काय होतंय, या भरवशावर राहिलो. लोखंडाला पाणी आणि हवा, एवढं दोनच गोष्टींचं स्थळ चालतं, बाकी पत्रिका जुळवावी लागत नाही. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा फुगीर. दोन पत्र्यांच्या सांध्यात एकदा शिरला की फुगून सांधा उसवतो, उसवलेल्या फटीतून आणखी पाणी, आणखी गंज. घरातल्या भांडणासारखं, आधी कशावरून सुरू झालं ते नंतर कोणालाच सांगता येत नाही.

कापूरहोळच्या पुढं, भोरच्या रस्त्याला, पत्र्याच्या शेडमध्ये एक डेंटिंगवाले मिस्त्री बसतात. वय साठीच्या पुढचं. त्यांच्या शेडला पाटी नाही. दारात एका जीपचं बॉनेट उभं आहे, तीच पाटी. गाडी टेम्पोवर घालून तिथं नेली. मिस्त्रींनी गल्ल्याच्या डब्यातून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं, ते फडक्यात गुंडाळलं आणि दाराखालच्या पट्टीवरून फिरवू लागले. पत्रा असेल तिथं ते चिकटे. लांबी भरलेली असेल तिथून घसरे. ते घसरतच होतं. मग स्क्रू ड्रायव्हरची मूठ घेऊन त्यांनी पट्टी वाजवायला सुरुवात केली, बाजारात बायका मडकं वाजवून घेतात तशी, कान तिरपा करून. मडकं फुटकं निघालं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "पत्रा न्हाई राहिला. ही गाडी रंगावर उभी हाय."

मी विचारलं, वरून एक पट्टी मारून चालेल का? मिस्त्रींनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी बँकेत थकबाकीदाराकडे पाहताना वापरत असे.

त्यांनी मग समजावून सांगितलं. जीपला, ट्रकला खाली चॅसी असते. दोन जाड लोखंडी तुळया, वर बॉडी नुसती ठेवलेली. बॉडी सडली तरी गाडी चालते. फियाटचं तसं नाही. तिला वेगळा सांगाडा नाहीच. १९५३ साली इटलीत या ११००चा नवा अवतार आला तेव्हापासून बॉडी हाच सांगाडा. तळ, छप्पर, खांब आणि हे दोन बाजूंचे उंबरे, यांनी एकमेकांना धरून ठेवलेलं. पुढचं ओझं पुढच्या चाकांवर, मागचं मागच्या चाकांवर, आणि मधल्या माणसांचं ओझं ज्याच्यावर, तो उंबरा. तो गेला की गाडी कमरेत बसते. "पाच माणसं घाला आत आन् दार उघडून बगा," मिस्त्री म्हणाले. आम्ही तीनच माणसं घातली. दार उघडलं, पण परत लागेना.

जुन्या वाड्याचं दार ज्यानं पाहिलंय त्याला हे लगेच कळेल. चौकटीचा उंबरा हा नुसता ओलांडायला नसतो. उभ्या दोन बाजूंना खालून तोच जागच्या जागी धरतो. उंबरा कुजला की बाजू फाकतात आणि दार चौकटीत मावेनासं होतं. मग घरातले लोक दाराला दोष देतात, बिजागरीला तेल घालतात, शेवटी सुताराकडून दाराची कड तासून घेतात. आम्हीही पाच-सहा वर्षं तेच केलं होतं. ड्रायव्हरच्या बाजूचं दार नीट लागत नाही म्हणून कधी बिजागरी बदल, कधी रबर बदल, कधी कुलूप सरकव. एका गॅरेजवाल्यानं तर मला सांगितलं होतं की जुन्या गाडीचं दार जोरातच आपटायचं असतं, त्यात मजा असते. मी ती मजा बरीच वर्षं घेतली.

कापायच्या आधी मिस्त्रींनी दोन दिवस नुसतं मोजलं. शेडमधली जमीन पाण्याच्या लेव्हलनं तपासली, चार घोड्यांवर गाडी सपाट बसवली. मग दाराच्या रिकाम्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी पाइप वेल्ड करून टाकले, मोडलेल्या हाताला आधी खपची बांधावी तसे. दोरी घेऊन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कर्ण मोजले, खडूनं भिंतीवर आकडे लिहिले. भिंतीवर आधीच्या गाड्यांचेही आकडे होते आणि त्यातच कुणाच्या तरी उधारीचे. मी म्हटलं, कापायला केव्हा घेणार? ते म्हणाले, "कापायला पाच मिन्टं लागतात वो. कापल्यावर गाडी कुटं गेली ती सापडायला पायजे ना." दोन्ही बाजू एकदम कापायच्या नाहीत. एक पूर्ण झाली, थंड झाली, दार लावून पाहिलं, की मगच दुसरी. दोन्ही उंबरे एकदम काढले तर गाडी केळ्यासारखी वाकते, आणि वाकलेल्या अवस्थेत नवे बसवले तर ती जन्मभर तशीच.

तिसऱ्या दिवशी ग्राइंडर लागला. मी मुद्दाम गेलो होतो. आईसुद्धा आली होती, डबा घेऊन, आणि पदर नाकाला लावून खुर्चीवर बसली होती.

आधी निघाला रंग. वरचा पांढरा, त्याखाली क्रीम. त्याखाली लांबी, बोटभर जाड. लांबीखाली एक ठिगळ, त्याखाली दुसरं ठिगळ, पितळेनं डाग दिलेलं. आणि या सगळ्याच्या मागे, पोकळी भरून काढायला, कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा! मिस्त्रींनी तो चिमट्यानं ओढला. पाण्यानं लगदा झालेला, पण मधला एक तुकडा वाचता येत होता. स्थळांची जाहिरात. गोरी, सुशिक्षित, गृहकृत्यदक्ष. ज्या गॅरेजनं हे केलं, त्यानं मला बिलावर 'बॉडी ए-वन' असं लिहून दिलं होतं, म्हणजे भाषा एकाच घराण्यातली.

मग आतला पत्रा. खरं तर तो पत्रा नव्हता, पत्र्याची आठवण होती. मिस्त्रींनी अंगठ्यानं दाबला तर थरावर थर सुटत गेले, खारी बिस्किटासारखे. पट्टी उलटी करून आपटली आणि चाळीसेक वर्षांचा ऐवज जमिनीवर पडला. तोरण्याची दुरुस्ती करताना शिवाजी महाराजांना मोहरांचे हंडे सापडले, आणि त्या धनातून समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला, असं इथलं लहान पोरही सांगतं. आमच्या दुरुस्तीत निघालं ते असं: सुकलेला चिखल, चार-पाच ओंजळी, भाताचा कोंडा आणि चिंध्या, म्हणजे उंदराचं जुनं बाळंतपण, एक केसातला आकडा, हात लावताच तुटलेला, औषधाच्या बाटलीचं रबरी बूच, आणि दहा पैशांचं एक कंगोरेदार नाणं. ॲल्युमिनियमचं, त्यामुळे जसंच्या तसं. सगळं लोखंड संपलं होतं आणि त्यात दहा पैसे तेवढे टिकले होते. त्यातून राजगड सोडाच, माचिसही आली नसती.

आईनं केसातला आकडा हातात घेतला. "माझा नाही," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "कोणाचा असेल गं बाई," असं स्वतःशीच. अण्णांच्या गाडीतून किती बायका बाळंत व्हायला गेल्या याचा हिशेब तिच्याकडेही नव्हता. आकड्यावरून संशय घ्यावा असं वय आता दोघांपैकी कुणाचंच राहिलं नव्हतं, अण्णांचं तर नाहीच. तिनं तो पदराच्या टोकाला बांधला आणि डबा उघडला. त्या दिवशी आंबेमोहोराचा भात होता. मिस्त्रींनी दोनदा घेतला.

नवा उंबरा विकत मिळत नाही. विलायतेत जुन्या छोट्या गाड्यांचे सिल खोक्यात बंद होऊन पोस्टानं घरी येतात, असं ऐकून मी नाना पेठेत चौकशी करून आलो. तिथल्या दुकानदारानं पद्मिनीचा कार्ब्युरेटर दाखवला, हेडलाइटची रिंग दाखवली, बंपरची टोकं दाखवली. उंबरा मागितल्यावर म्हणाला, "काका, तो गाडीसोबतच यायचा, गाडीसोबतच गेला." खोटं नव्हतं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनींपैकी शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत भरली तेव्हा, २०२३च्या ऑक्टोबरात, ती जात रस्त्यावरून उठली. समुद्राच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या त्या बायकांच्या उंबऱ्यांत मागून घेण्यासारखं तसंही काय उरलं असणार.

म्हणून पत्रा आणला. अठरा गेजचा सीआर, सव्वा मिलिमीटरला जरा कमी. शिरवळला एका फॅब्रिकेशनवाल्याकडे त्याच्या सरळ घड्या घालून घेतल्या. बाहेरचा गोलवा मात्र मशीनला जमला नाही. तो मिस्त्रींनी वाळूच्या पोत्यावर ठेवून लाकडी हातोडीनं काढला, मागं डॉली धरून, ठोक-ठोक-थांब. प्रत्येक दहा ठोक्यांनंतर ते डोळे मिटून तळहात फिरवत. डोळ्यानं पाहिलं तर पत्रा फसवतो, म्हणाले.

वेल्डिंग हा मी आजवर धाडधाड करायचा प्रकार समजत होतो. ठिणग्या, काळा चष्मा, पाच मिनिटांत काम तमाम. इथं उलटंच. घडीच्या काठावर आधी ओळीनं भोकं पाडली, ती बरोबर जुन्या कडेवर आली, शिकंज्यांनी आवळली, आणि मग एकेक भोक CO₂ वेल्डिंगनं भरायचं. पण शेजारचं शेजारी नाही. एक टाका पुढच्या टोकाला, एक मागच्या टोकाला, एक मध्ये. मग थांबायचं. मिस्त्री तंबाखूची डबी काढत, मळत, दाढेखाली धरत, शेडबाहेरच्या एसट्या मोजत, आणि पत्र्याला हात लावून तो कोमट झाला की पुढचा टाका. सलग भरत गेलं तर पत्रा तापून ताणतो, थंड होताना आवळतो आणि आख्खी बाजू मुरडते. दर टाक्याला तंबाखूची एक चिमूट, या हिशेबानं एका उंबऱ्याला दोन दिवस लागले. मध्ये लाइट गेली तो वेळ वेगळा.

आई हे सगळं फार आवडीनं पाहत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "अहो, ही तर गोधडी. गोधडीलाही आधी लांब लांब टाके घालून थर धरून ठेवतात, मग भरायला घेतात. एका कडेनं शिवत गेलं तर चुण्या पडतात." मिस्त्रींनी चष्मा वर केला, आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "आमाला हे शिकायला आठ वर्सं लागली, आक्का." मला एवढंच कळलं की सबंध शेडमध्ये ज्याला कशातलंच काही कळत नाही असा मी एकटा आहे.

पाइप कापून काढले, दार बसवलं. मिस्त्री बाजूला झाले आणि मला म्हणाले, लावा. मी सवयीनं दार मागं नेऊन आपटणार, तेवढ्यात त्यांनी हात धरला. "दोन बोटांनी." दोन बोटांनी ढकललं. खट्. एवढाच आवाज. अण्णा रात्री-बेरात्री व्हिजिटहून येत तेव्हा अंगणात हाच आवाज येई, आणि आई चुलीवर दूध ठेवायला उठे. मी आईकडे पाहिलं. ती डब्याचं झाकण लावत होती, ते लागत नव्हतं.

आता भोकांची गोष्ट.

नवा, कोरा, रेड ऑक्साइड लावलेला उंबरा, आणि मिस्त्री त्याला खालून ड्रिल लावायला निघाले! मी ओरडलोच. एवढा खर्च, एवढी तंबाखू, आणि आता भोकं? त्यांनी शांतपणे जुन्या उंबऱ्याचा एक तुकडा आणला, उलटा केला आणि डांबरासारखा काळा थर खरवडला. खाली ओळीनं लंबगोल भोकं होती. कुर्ल्यालाच पाडलेली. पाणी दाराच्या रबरातून, काचेच्या खाचेतून आत येणारच हे कारखान्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं बाहेर जायची वाट ठेवली होती. ती मी बुजवली होती. पंधरा-वीस वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका ठिकाणी, गंजापासून संरक्षण म्हणून, खालून सगळीकडे काळं कोटिंग मारून घेतलं होतं, पैसे मोजून, वर एक वॉशिंग फुकट. गंजू नये म्हणून आम्ही गाडीच्या पोटात पाणी कोंडून ठेवलं होतं.

"पानी येनारच," मिस्त्री म्हणाले. "आपल्याकडं तर येनारच. आलेलं जातंय कुटनं, ते बगायचं."

हे त्यांनी काही तत्त्वज्ञान म्हणून सांगितलं नाही, ड्रिलचं पातं बदलता बदलता सांगितलं. पण भोर-वेल्ह्यात हे कोणाला वेगळं सांगावं लागतं? भातखाचराला बांध घालतो तो माणूस बांधातच पाण्याला वाट ठेवतो, नाहीतर पहिल्या आठवड्यात बांध जातो. भाटघरचं धरण, १९२०च्या दशकातलं, वेळवंडी नदी अडवायला एवढी प्रचंड भिंत घातली, तरी तिलाही पाणी वाढलं की आपोआप उघडणारे दरवाजे ठेवलेच. अण्णा आम्हाला लहानपणी ते दाखवायला याच गाडीतून नेत. दरवाजे सुटले की तुषारांनी काच ओली होई, वायपर चालू करावे लागत, आणि ते सगळं पाणी हळूच कुठं जाऊन बसत होतं ते आता कळलं.

सहा भोकं पाडली. कानशीनं त्यांच्या कडा मऊ केल्या, आत जस्ताचा प्रायमर, आणि वर मेण आणि ऑइल गरम करून नळीनं आत सोडलं. ते भोकांतून ठिबकायला लागल्यावरच मिस्त्री थांबले. खाली पत्र्याच्या डब्यात ठिबकलेलं गोळा करून दुसऱ्या बाजूला वापरलं.

एक शंका राहिली होती. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी आणि वेगळ्या धाटणीचा नंबर देण्याचे नियम केंद्रानं २०२१ साली काढले. आमची पन्नाशीच्या उंबऱ्यावरच आहे. पण नियमात अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, बॉडीच्या सांगाड्यात मोठा फेरफार नको. मी मिस्त्रींना विचारलं, हा फेरफार झाला का? त्यांनी जुना उंबरा नव्याशेजारी ठेवला. एक जाळी होती, एक पत्रा. "फेरफार पावसानं केलता," ते म्हणाले, "मी फेरफार काडलाय." हे उत्तर आरटीओत चालेल की नाही कोण जाणे. मला पटलं. शाकारलेल्या घराला कोणी दुसरं घर म्हणत नाही.

बिल झालं ते सांगत नाही. एवढंच सांगतो की १९७८ साली तेवढ्यात दोन गाड्या आल्या असत्या, असं आई म्हणाली, आणि मग म्हणाली, पण दोन्ही सडल्या असत्या.

गाडी घरी आली त्या दिवशी आईनं तिच्या उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं, दोन्ही बाजूंना. मी म्हटलं, रंगावर डाग पडेल. ती म्हणाली, पडू दे.

जूनमध्ये पाऊस लागला. पहिल्या दिवशी सरी, दुसऱ्या दिवशी झड, तिसऱ्या रात्री मावळातला पाऊस. दोनच्या सुमाराला मला जाग आली आणि झोप लागेना. टॉर्च घेतला, छत्री घेतली, अंगणात गेलो. छत्रीचा उपयोग नव्हता, ती मिटली आणि गाडीशेजारी चिखलात गुडघे टेकून खाली उजेड मारला. पुढचं भोक ठिबकत होतं. मधलं ठिबकत होतं. मागचं एका धारेनं वाहत होतं. पलीकडच्या बाजूला जाऊन बाकीची तीन पाहिली.

ओसरीवरचा दिवा लागला.

"कोण आहे?"

"मीच. गाडी बघतोय."

"आता काय झालं तिला?"

"गळतेय."

"गळतेय? एवढं करून?"

"सहाच्या सहा भोकांतून!"

आई क्षणभर गप्प राहिली. मग "बरं, आता आत ये" म्हणाली. मी पाय धुऊन आत आलो आणि दार लोटलं. पावसानं फुगलेलं दार उंबऱ्याला घासून मध्येच अडलं. खांद्यानं रेटलं, तरी कडी बसायला बोटभर राहिलीच.

"उद्या त्या मिस्त्रींना बोलाव," आई अंथरुणातून म्हणाली, "हाही बघा म्हणावं."